शेण कोण कालवणार?

जगदाळे सरांनी करुणाचा प्रस्ताव शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद तिच्याकडं परत सरकवला.

"अहिवळे, बंद पडलेल्या गोष्टींवर एम.टेक. होत नसतं."

विषय परत यायची ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा सर म्हणाले, बायोगॅस जुना झाला, हायड्रोजनवर काहीतरी घ्या. दुसऱ्यांदा म्हणाले, बायोगॅसच हवा असेल तर नवा प्लांट डिझाइन करा. आणि करुणा दर वेळी शीर्षक तेवढं बदलून तेच घेऊन जात होती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरोघरी बांधलेले गोबरगॅस बंद का पडले, हे तिला शोधायचं होतं.

"सर, प्लांट चालू कसा करायचा ते पुस्तकात आहे. तो बंद का पडतो हे कुठंच नाही."

"कारण ते समाजकार्यवाल्यांचं काम आहे. यात इंजिनिअरिंग कुठाय?"

करुणानं कागद उचलला. सर विभागप्रमुख होते आणि तिचे मार्गदर्शकही तेच. बारामतीच्या त्या कॉलेजात अपारंपरिक ऊर्जेच्या एम.टेक.ला मुळात विद्यार्थीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकवायला माणसं त्याहून कमी. दुसरा मार्गदर्शक मागायचा तर तो आणायचा कुठून?

करुणा कोऱ्हाळे बुद्रुकची. वडील झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घरी-दारी सगळे त्यांना अप्पा म्हणत. आई शालन घरचं थोडकं रान आणि दोन म्हशी बघायची. भाऊ संघपाल पुण्याला कंपनीत. करुणानं मेकॅनिकलची डिग्री घेतली, पुण्यात एका सोलरच्या कंपनीत नोकरी धरली. तिथं तिला काम काय, तर सोसायट्यांना फोन करून "सर, आपल्या गच्चीवर ऊन किती वेळ असतं?" विचारायचं. वर्षभर तिनं गच्च्यांची चौकशी केली आणि एक दिवस बॅग भरून घरी आली. म्हणाली, मला पुढं शिकायचंय. संघपालनं डोक्याला हात लावला. अप्पा मात्र तिच्याबरोबर ॲडमिशनला गेले.

लहानपणी त्यांच्याही परसात गोबरगॅस होता. अप्पांनी हौसेनं बांधलेला. निळी ज्योत बघायला अख्खी आळी लोटली होती. दोन-तीन वर्षांत तो बंद पडला. का पडला, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्याच्या घुमटावर शालननं भोपळ्याचा वेल चढवला, एवढंच.

शेवटी सरांनीच कंटाळून तोडगा काढला. "एक काम करा. एक बंद प्लांट शोधा, चालू करून दाखवा, सहा महिन्यांची रीडिंग घ्या, त्यावर गणिती मॉडेल बांधा. बाकी ती गावोगावची चौकशी परिशिष्टात टाका."

एवढ्यावर करुणा खूश झाली. अर्धी का होईना, भाकरी पदरात पडली होती.

पुढचे दोन महिने ती स्कूटी घेऊन गावं पालथी घालत होती. सोमेश्वरनगरच्या बाजूला एका घरी घुमटावर मिरच्या वाळत घातलेल्या. एका घरी शेणाच्या कुंडीत कोंबड्या खुराड्यासारख्या बसलेल्या. एका ठिकाणी म्हातारबा ठासून म्हणाले, "चालू हाय की! या, दावतो." आत नेलं आणि लायटर मारून सिलेंडरची शेगडी पेटवून दाखवली. करुणानं हसावं की रडावं?

"आबा, ही टाकीची शेगडी झाली. गोबरगॅस कुठाय?"

"त्यो व्हय? त्यात आता आमी शेरडं बांधतो."

कारण विचारलं की प्रत्येकाचं एकच उत्तर यायचं. "बिघडला." काय बिघडलं, तर ते माहीत न्हाय. घरातल्या बायकांना विचारावं तर त्या पदर सारखा करून पुरुषांकडं बघायच्या.

तिच्या वर्गात युवराज नावाचा इंदापूरकडचा मुलगा होता. घरी उसाचं मोठं रान, स्वभाव मोकळा. त्याचा विषय सोलर पॅनेलवरची धूळ. ती त्यानं संगणकात कधीच झाडून टाकली होती, त्यामुळं त्याला वेळ होता. तो म्हणाला, "माझ्या मामाच्या वस्तीवर आहे एक बंद प्लांट. नरसिंहपूरला. मामा भला माणूस आहे. चल."

नरसिंहपूर म्हणजे तालुक्याचं टोक. नीरा आणि भीमा जिथं एकमेकींना मिळतात तिथलं नृसिंहाचं देऊळ, त्याचे घाट, आणि मग सगळी गाळाची काळी रानं. युवराजचे मामा महिपती गावाबाहेर वस्तीवर राहायचे. चार म्हशी, दोन गाई, गोठ्याच्या मागं गवतात बुडालेला घुमट.

युवराजनं करुणाचं गाव सांगितलं, तेवढ्यात मामी ठमाबाई पाणी घेऊन आल्या. करुणाकडं निरखून बघत म्हणाल्या, "कोऱ्हाळ्याच्या कुणाच्या तुमी?"

"अहिवळे मास्तरांची."

"आसं व्हय," एवढं म्हणून मामी आत गेल्या. चहा आला तो युवराजला आणि मामांना स्टीलच्या कपात, करुणाला कागदी कपात. करुणानं चहा प्यायला. तिला हे नवं नव्हतं. पण नवं नसलं म्हणून घशाखाली सहज उतरतं असंही नाही. युवराजची मान खाली गेली होती. पुढच्या खेपेला चहा येण्याआधीच तो आत ओरडला, "मामी, मलाबी कागदाच्याच कपात द्या. आमी दोघंबी कॉलेजची." मामी क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून सगळ्यांना स्टीलचे कप. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही.

प्लांट उपसायचं ठरलं. पंप लावून जुना गाळ वर काढला. मागच्या कुंडीवरची फरशी उचलली, तर महिपती मामा लगेच धोतराचा काचा मारून आत उतरायला निघाले.

"मामा, थांबा!" करुणा एवढ्या जोरात ओरडली की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. "आत साचलेली हवा हाय. एक पाऊल टाकलं तर माणूस जागच्या जागी जातंय."

"आगं, मीच बांधला की ह्यो."

"बांधला तवा मोकळा व्हता."

तिनं घुमटाचा व्हॉल्व्ह काढून, दोन्ही तोंडं उघडी ठेवून, फुंकायचा पंखा लावून सगळ्यांना चांगले तीन-चार दिवस ताटकळत ठेवलं. मामा वैतागले. मग एका दुपारी कमरेला दोर बांधून ती स्वतः आत उतरली, वर युवराज आणि मामा दोर धरून. आत काय नव्हतं? वाळूचा थर, प्लॅस्टिकच्या पत्रावळ्या, वैरणीचा गुंता, एक फाटकी चप्पल आणि घुमटाला पाठीच्या कण्यासारखी उभी गेलेली चीर. ती बाहेर आली तेव्हा तिला स्वतःचाच वास सहन होत नव्हता. ठमाबाईंनी न्हाणीत पाणी तापवून ठेवलं होतं. करुणा अंगावर पाणी घेत असताना दाराबाहेरून मामी म्हणाल्या, "बिघडला-बिघडला काय न्हवता त्यो. खरं सांगू का?"

"सांगा की, मामी."

"गॅस सगळ्यांचा आन् शेण माझ्या एकटीचं. रोज सकाळी हातानं कालवायचं. खडं येचायचं, काड्या येचायच्या. थंडीत बोटं वळायची न्हाईत. एक दिस सोडून दिलं. म्हनलं, बघू कोण कालवतंय. कुणी कालवलं न्हाय. मग ह्येंनी सांगितलं, बिघडला."

करुणा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. दोन महिने ज्या उत्तरासाठी ती वणवण फिरली होती ते न्हाणीच्या दाराबाहेरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती धावत जगदाळे सरांकडं गेली. म्हणाली, खरा प्रश्न शेण कालवण्याचा आहे, मला कालवणीचं यंत्र करायचंय. सर म्हणाले, "ते आय.टी.आय.च्या पोराचं काम. तुम्ही मॉडेलकडं लक्ष द्या."

तिनं तरी केलंच. युवराजनं जुन्या कडबाकुट्टीचं चाक मिळवलं. बारामतीच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये त्याला आडवी दांडी आणि पाती जोडून घेतली. आता कुंडीत शेण-पाणी टाकायचं आणि उभ्यानं चाक फिरवायचं. खाली जाळी, म्हणजे खडे-काड्या वर राहतात. पहिल्याच दिवशी ठमाबाईंनी चाक फिरवलं आणि हाताला शेण लागलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात उलटासुलटा करून बघितला.

चीर बुजवली. प्लांट भरला. मग वाट बघणं आलं. पहिला आलेला गॅस पेटेचना. काडी लावली की विझायची. महिपती मामा म्हणाले, "झालं! पालथ्या घड्यावर पाणी." करुणानं तो गॅस सोडून दिला, पुन्हा वाट बघितली. आणि एका सकाळी शेगडी पेटली. निळी, नीट, बिनधुराची. ठमाबाईंनी आधी तिला हळद-कुंकू वाहिलं, मग तिच्यावर चहा ठेवला. युवराजनं मोबाईलवर त्याचा फोटो काढला. त्या फोटोत करुणाचे डोळे मिटलेले आहेत.

इथून पुढं सरळ वाट असायला हवी होती. पण घोड्यानं पेंड खाल्ली ती प्रयोगशाळेत.

गॅस किती येतो ते मीटरवर दिसायचं. ठमाबाई रोज आकडा वाचून फोनवर सांगायच्या. पण त्यात मिथेन किती, हे मोजायला यंत्र लागतं. ते विभागात होतं. काचेच्या कपाटात, खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. करुणानं मागितलं तर प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, तपासणीची कमिटी येणार आहे, तोवर हलवता यायचं नाही. कमिटी आली, कपाटापुढं उभी राहिली, चहा पिऊन गेली. मग सर म्हणाले, यंत्र इमारतीबाहेर जाणार नाही, गॅस इकडं आणा.

म्हणून गॅस आणायचा. नरसिंहपूरहून बारामती. मोटारसायकलच्या टायरच्या ट्यूबमध्ये गॅस भरून ती एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "ताई, ट्यूब फुगवून कशाला नेताय?" तिनं खरं ते सांगितलं. इंदापूरच्या अलीकडं भर उन्हात तिला ट्यूबसकट खाली उतरवलं. त्याचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. शेवटी युवराजनं मोटारसायकलवर आणून पोचती केली. कपाट उघडलं, खोकं फोडलं, यंत्र लावलं, तर पडद्यावर एकच ओळ. आतल्या सेन्सरची मुदत संपली होती. एकदाही न वापरता संपली होती.

त्या दिवशी करुणा कॉलेजच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. तिला रडायलाही येईना. नुसता संताप येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ज्या विभागाच्या दारावर 'ऊर्जा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, त्यात एक यंत्र चालू स्थितीत नसावं?

मग तिनं जुनी साधी युक्ती काढली. मोठ्या सिरिंजमध्ये गॅस ओढायचा, त्यात कॉस्टिकचं पाणी घ्यायचं, हलवायचं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरतो, उरतो तो बहुतेक मिथेन. दर शनिवारी नरसिंहपूरला जाऊन ती हे करायची. आकडे छान यायला लागले. सरांना दाखवले तर ते म्हणाले, "सिरिंजवरचे आकडे कुठलं जर्नल छापणार?" तरी त्यांनी आकडे ठेवून घेतले. आलेख चढत होता आणि चढता आलेख सगळ्यांनाच आवडतो.

मग ठमाबाईंची लेक मोना हिचे दिवस भरत आले. ती भोसरीला राहायची. डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलं, म्हणून बाळंतपणाला आईच तिकडं गेली. जाताना मामी चाकापाशी उभ्या राहून नवऱ्याला बजावून गेल्या, "दोन पाट्या शेण, तेवढंच पाणी, चाक फिरवायचं. येवडंच हाय."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले.

रोजचा फोन बंद झाला. करुणा मामांना फोन करायची. "चालू हाय," मामा म्हणायचे. आकडा विचारला की, "आता रानात हाय, घरी गेल्यावर सांगतो." तिच्याही मागं परीक्षा होती. दोन शनिवार गेले, तीन गेले. चौथ्या शनिवारी ती गेली तर कुंडीत शेणाची वाळून ढेकळं झालेली, चाकावर मामांची बनियन वाळत घातलेली. मीटरचा काटा ढिम्म.

"मामा, हे काय?"

"काय करतो मग? बायकू न्हाय घरात."

"मामी न्हाईत, पण तुमी हायसा की! दोन हात हायती तुमाला!"

"आगं, पाट्या भरून रानात टाकतोच की मी शेण. पण कालवायचं म्हंजी..." मामांनी इकडं-तिकडं बघितलं. "शेजारची लोकं काय म्हंतील?"

"हात कुठं घालायचाय? चाक फिरवायचंय नुसतं!"

"फिरवीन की. सोमवारपास्नं फिरवतो."

त्या सोमवाराला काही अर्थ नव्हता. आतले जिवाणू उपाशी मेले होते. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे कित्येक आठवडे, आणि प्रबंध द्यायची तारीख तोंडावर. करुणानं बनियन चाकावरून काढून दोरीवर टाकली आणि फाट्याकडं चालायला लागली. मामा मागून म्हणाले, "पोरी, च्या तरी घे." तिनं मागं बघितलं नाही.

जगदाळे सरांनी आलेख हातात घेतला. चढत गेलेली रेघ, मग सपाट, मग एकदम खाली, शून्यावर.

"एवढं इथपर्यंत घ्या," त्यांनी पेन्सिलनं रेघेच्या सगळ्यांत उंच जागी टिंब केलं. "पुढचा भाग नको."

"सर, पण पुढचाच भाग खरा आहे. बाई घरात नसली की प्लांट मरतो. मी जे शोधायला निघाले होते ते हेच आहे."

"हा निष्कर्ष नाही, अहिवळे. हे अपयश आहे."

"अपयशच आहे, सर. तेच लिहायचंय मला."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मागं विद्यापीठाचे तगादे होते, विभाग बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "मी पण इंदापूरच्या वस्तीवरचाच आहे. माझ्या आईनं जन्मभर शेण थापलं. तुम्ही म्हणता ते मला कळत नाही असं नाही. पण बाहेरचा परीक्षक विचारणार, समीकरण कुठंय? तुमचं वर्ष वाया जाईल. खोटा आकडा घाला म्हणतोय का मी?"

घरी हा विषय निघाला तेव्हा शालननं भाकरी थापता थापता विचारलं, "करुणे, खोटं लिही म्हंतायत का तुला?"

"न्हाय. अर्धं लिही म्हंतायत."

"मग लिही की अर्धं. अर्धं काय खोटं असतंय?"

फोनवरून संघपालचंही तेच. "अगं, कोण वाचतं ते? पास हो, बाहेर पड." करुणा अप्पांकडं बघत होती. अप्पांनी ताटातली भाकरी मोडली, पुन्हा जोडल्यासारखी ठेवली. "तुझा प्रबंध हाय," एवढंच बोलले. तिला वाटलं होतं, निदान अप्पा तरी ठासून काही बोलतील. त्यांचाही राग आला तिला. रात्रभर तिला वाटत राहिलं, आपण उगाच अडून बसलोय. सकाळी उठून तिनं आलेख पुन्हा काढला. शून्यापर्यंत.

सरांनी सही केली नाही. तारीख उलटून गेली.

युवराज पास झाला. त्याच्या धुळीच्या मॉडेलला चांगली श्रेणी मिळाली, पुण्यात नोकरीही लागली. पेढे घेऊन कोऱ्हाळ्याला आला तेव्हा त्याला धड हसता येईना. "तुझा प्लांट माझ्याच मामानं मारला," तो म्हणाला. करुणा म्हणाली, "तुझ्या मामानं नाही रे. तुझा मामा सगळीकडंच आहे." पण पेढा तिच्या तोंडात फिरत राहिला.

पुढच्या सत्रात विभागात स्वरूपा मॅडम आल्या. कंत्राटी नोकरी, वय करुणापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. त्यांनी सगळा प्रबंध वाचला आणि विचारलं, "ही आकृती शून्यावर जाते तिथं खाली दोन ओळी का नाही लिहिल्यास, काय झालं ते? लाजतेस कशाला?" करुणानं दोन ओळी लिहिल्या, मग दोन पानं झाली. गावोगावची चौकशी परिशिष्टातून उचलून मॅडमनी मधोमध आणली. सरांनी हरकत घेतली नाही. त्यांनीच मार्गदर्शक बदलाच्या अर्जावर शिक्का मारला. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत उलटत एका जागी थांबले.

"हा प्लांट आज चालू आहे का?"

"नाही, सर."

"म्हणजे तुमचा प्रकल्प फसला."

"प्लांट फसला, सर. का फसला ते पुढच्या पानांवर आहे."

"उपाय काय सुचवलाय?"

"घरातल्या एकाच माणसावर कालवणीचं काम असेल तर प्लांट मंजूर करू नये. निदान दोघांना शिकवावं, आणि त्यातला एक पुरुष असावा."

खोलीत कुणीतरी हसलं. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "हे कुठल्या समीकरणात बसतं?"

करुणाच्या तोंडात बरंच काही आलं होतं. स्वरूपा मॅडम खिडकीशी बसून तिच्याकडं बघत होत्या. ती म्हणाली, "बसत नाही, सर. म्हणूनच प्लांट बंद पडतात."

ती पास झाली. काठावरची श्रेणी. निकालपत्र बघून शालननं कपाळाला हात लावला नाही, पण पेढेही आणले नाहीत. अप्पांनी प्रबंधाची एक प्रत मागून घेतली आणि आठवडाभर अंगणात बसून, इंग्रजीचे अवघड शब्द तिला विचारत विचारत, सगळी वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "आपला बंद पडला तवा तुझी आई आजारी व्हती." एवढ्या वर्षांत हे त्यांना आज आठवलं होतं.

नोकरीसाठी ती दोन-तीन ठिकाणी गेली. प्रत्येक ठिकाणी श्रेणी बघून भुवया वर जायच्या. शेवटी इंदापुरात गोबरगॅस बांधून देणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागली. हिंदुराव त्यांचं नाव. तिचं काम, वस्त्यांवर जाऊन लोकांना प्लांटसाठी तयार करायचं. दर महिन्याला ठरलेले प्लांट झालेच पाहिजेत. बंद पडलेल्यांची दुरुस्ती आपल्या कामात बसत नाही, हे हिंदुरावांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

ती जायची, सगळं समजावून सांगायची आणि शेवटी विचारायची, "शेण कोण कालवणार?" घरातली बाई पुढं आली की म्हणायची, "आणि दुसरं कोण?" एवढ्यावर कितीतरी घरं 'बघू', 'सांगतो' म्हणायची आणि परत फोन उचलायची नाहीत. महिनाअखेर हिंदुरावांनी तिला समोर बसवलं.

"ताई, तुमी प्लांट इकायला जाताय का मोडायला?"

"बांधून बंद पडण्यापेक्षा न बांधलेला काय वाईट?"

"बंद पडंल तवा पडंल. आधी बांधू तरी द्या! तुमी घरात भांडणं लावून येताय. काल त्या आबासाहेबांचा फोन व्हता. तुमची बाई आमच्या सुनंला काय शिकवून गेली म्हणून." हिंदुरावांनी फोन टेबलावर आपटला. "असंच चाललं तर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

करुणानं मान हलवली. संताप गिळायची तिला आता सवय झाली होती, पण सवयीनं तो कमी होत नाही. ठमाबाईंनाही तिनं मध्यंतरी फोन केला होता. मोनाला मुलगा झाला होता. मामी परत आल्या होत्या, पण प्लांट पुन्हा भरायचं त्यांच्या मनात नव्हतं. "ह्येंनी एकदा म्हनू दे, मी फिरवतो. मग भरू," त्या म्हणाल्या. मामा अजून म्हणाले नव्हते.

त्याच दुपारी ती बावड्याच्या पुढं एका वस्तीवर गेली. नवरा-बायको दोघं तरुण, दारात उसाच्या वाढ्यांचा भारा, गोठ्यात पाच म्हशी. तिनं प्लांट कसा चालतो ते सांगितलं, चाकाचं चित्र दाखवलं. नवरा खूश झाला. म्हणाला, "बांधूया की."

"शेण कोण कालवणार?"

"ही," त्यानं बायकोकडं बोट केलं.

"आणि ह्या माहेरी गेल्या तर?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं भाऱ्यातलं एक वाढं उपसलं आणि म्हशीपुढं टाकलं. तिनं वर बघितलं नाही, पण कान इकडंच होते.

"उद्या सांगतो," नवरा म्हणाला.

"बरं," करुणा म्हणाली, आणि स्कूटीला किक मारली. पहिल्या दोन किकांना ती चालू झाली नाही.